एकशेवीस जणांचा एकच नंबर

मी एक जुनं घड्याळ आहे आणि, आधीच सांगून टाकतो, नकली आहे. तबकडीवर एका बड्या कंपनीचं नाव आहे, ते माझं नाही. काटे सोनेरी आहेत, ते सोन्याचे नाहीत. पाठीवर सात आकडी नंबर कोरलाय, तोसुद्धा माझा एकट्याचा नाही. तो आम्हा एकशेवीस भावंडांचा आहे. खरं म्हणजे तो आमचाही नाही, पण ते येईलच ओघात.

मित्रांनो, समजा उद्या तुमच्या बाईंनी हजेरी घेताना सगळ्या वर्गाला एकच नंबर दिला, तर? पहिल्या दिवशी तुम्हाला मजा वाटेल. दुसऱ्या दिवशी तुमच्या प्रगतिपुस्तकात भलत्याचेच गुण येतील. आणि तिसऱ्या दिवशी काच फोडणारा जाईल घरी आणि अंगठे धरून उभे राहाल तुम्ही. मी ज्या घरात राहिलो, तिथे हेच झालं. तेव्हापासून कुणी माझ्याकडे बघून "वा, काय भारी घड्याळ आहे" म्हणालं, की मला माझ्याच काट्यांनी स्वतःला टोचून घ्यावंसं वाटतं.

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत झाला. खाली लाँड्री होती. तिच्या वाफेनं आमची फरशी कायम कोमट असायची. खिडक्यांना आतून पुठ्ठे चिकटवलेले, त्यामुळे बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ हे कुणाला कळायचं नाही. घड्याळांच्या कारखान्यात वेळ कळू नये, यातच काय ते समजा. एका टेबलावर पट्टे, एकावर काचा, एकावर तबकड्या. अगदी शेवटच्या टेबलावर बसायची ती नंबरवाली. तिच्यापुढे सुईसारखं टोक असलेलं एक मशीन होतं. कॉम्प्युटरवर आकडे टाकायचे, बटण दाबायचं, की सुई थरथरत धातूवर आकडे कोरायची. मग नंबरवाली फुंकर मारून धातूची भुकटी उडवायची आणि अंगठ्यानं पाठ पुसायची. आयुष्यात मला मिळालेला पहिला मायेचा स्पर्श तोच. फार अपेक्षा ठेवू नका, ती प्रत्येकालाच तसं पुसायची.

नंबर आला कुठून, तर तोही उसना. कुणाचंतरी खरं घड्याळ एका दुपारपुरतं त्या खोलीत आणलं होतं. चारी बाजूंनी त्याचे फोटो काढले, पाठीवरचा नंबर टिपून घेतला आणि ते परत पाठवलं. कंपनी प्रत्येक घड्याळाला वेगळा नंबर देते, म्हणजे ते हरवलं, चोरीला गेलं, दुरुस्तीला आलं, तर ओळखता येतं. आमच्या कारखानदाराला एवढ्या खोलात शिरायचं नव्हतं.

"सगळ्यांना हाच नंबर घालायचा?" नंबरवालीनं विचारलं.

"मग काय प्रत्येकासाठी नवा शोधत बसू?"

"पण दोन घड्याळं एकमेकांसमोर आली तर?"

"गिऱ्हाईक काय दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवून बघणार आहे? एक घेताना ज्याला घाम फुटतो, तो दुसरं कशाला घेईल?"

नंबरवालीनं आकडे टाकले. तिनं बटण दाबलं. ७३०९१८४. मला वाटलं, हे माझं नाव. छाती इतकी फुगली, की काच उडते की काय असं झालं. मग तिनं मला ट्रेमध्ये ठेवलं आणि मी शेजारच्याची पाठ बघितली. ७३०९१८४. त्याच्या पलीकडच्याची बघितली. पुढे बघायचं सोडून दिलं.

आमच्यातली पंधरा घड्याळं एका माणसानं एकदम उचलली. पाण्याचे पंप आणि मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाचा तो माणूस. त्या वर्षी कारखान्यातले बारा जण निवृत्त होणार होते. प्रत्येकाला निरोपाच्या दिवशी एकेक घड्याळ मिळणार होतं, हिरव्या मखमली डबीत, सोबत जाड कागदाचं कार्ड आणि कार्डावर छापलेला तोच नंबर. आम्ही काय आहोत, हे मालकाला पुरतं ठाऊक होतं. डबी उघडून त्यानं मला उलटसुलट केलं आणि म्हणाला, "छान दिसतंय. त्यांना काय कळतंय?" निवृत्त होणारे निरनिराळ्या महिन्यांत निवृत्त होणार होते, त्यामुळे दोन घड्याळं एका व्यासपीठावर यायची भीतीही नव्हती.

मी ज्यांच्या वाट्याला आलो, त्यांना सगळा कारखाना नंबरकाका म्हणायचा. एकतीस वर्षं ते स्टोअर सांभाळत होते. मोटार असो, पंप असो की साधा पाना, नंबर वाचल्याशिवाय स्टोअरच्या खिडकीतून काही बाहेर जात नसे. आणि नंबर वाचायची त्यांची पद्धत जगावेगळी होती. ते तो मागून पुढे वाचायचे. सरळ वाचला की डोळे आळशीपणा करतात, त्यांना जे बघायचंय तेच बघतात, असं त्यांचं म्हणणं. उलटा वाचला की प्रत्येक आकड्याला थांबावंच लागतं. "नंबर जुळला, की माल आपला," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लोक हसायचे, चिडवायचे, आणि तरी काही हरवलं की त्यांच्याकडेच धावायचे.

एकदा तर त्यांनी कमाल केली होती. दुरुस्ती होऊन आलेल्या वीस मोटारी. नंबरपट्ट्या जागच्या जागी, नंबर अगदी बरोबर. पण नंबरकाकांना एक मोटार उचलताना हलकी वाटली. उघडून बघतात तर आतली तांब्याची तार काढून कुणीतरी हलक्या प्रतीची भरलेली. वरचं कवच खरं, आतला माल लंपास. दुरुस्तीवाला पकडला गेला. मालकानं सगळ्यांसमोर नंबरकाकांची पाठ थोपटली. ती थाप ते जन्मभर विसरले नाहीत. विसरले असते तर बरं झालं असतं.

निरोपाच्या दिवशी कारखान्याच्या जेवणघरात खुर्च्या मांडल्या होत्या. मालकानं मला त्यांच्या हातात दिलं आणि माइकवर म्हणाला, "अस्सल माणसाला अस्सल भेट." टाळ्या पडल्या. नंबरकाकांनी डबी उघडली, आणि दुसऱ्या कुणी काटे, पट्टा, चकाकी बघितली असती, तर यांनी मला पालथं घातलं. एका हातात मी, दुसऱ्या हातात कार्ड.

"चार, आठ, एक, नऊ, शून्य, तीन, सात," त्यांनी माइकवरच वाचलं.

मालकाचा चेहरा क्षणभर पडला. मी अगदी जवळून बघितला.

"जुळला," नंबरकाका म्हणाले.

सगळं जेवणघर हसलं. सर्वांत जोरात टाळ्या मालकानं वाजवल्या.

घरी माझं फार कौतुक झालं. समोरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मला जागा मिळाली. त्यासाठी काकूंना त्यांची चिनी मातीची बरणी हलवावी लागली, याचा राग त्यांनी माझ्यावर काढला नाही, हे त्यांचे उपकार. पाहुणे आले, की नंबरकाका मला बाहेर काढायचे. आधी पाठ दाखवायचे, मग तबकडी. माझा नंबर त्यांनी डायरीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठीवरही चिकटवला.

आता कबूल करतो, माझं काम काही धड नव्हतं. मी दिवसाला चार मिनिटं पुढे पळायचो. रोज सकाळी नंबरकाका मला चावी द्यायचे आणि गुपचूप चार मिनिटं मागे घ्यायचे.

"बाबा, त्यापेक्षा ते भिंतीवरचं प्लॅस्टिकचं बरं चालतं," धाकटी म्हणायची.

"भारी घड्याळं नाजूक असतात. त्यांना रोज हात लागतो."

"म्हणजे जितकं महाग, तितकं बिघडलेलं?"

"तू तुझे मोबाइल बघ."

धाकटी म्हणजे त्यांची लहान मुलगी, सव्वीस वर्षांची. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. धाकटी मोबाइल दुरुस्त करायची. बाजारातल्या एका दुकानात तिला नुकतंच स्वतःचं टेबल मिळालं होतं, वर दिवा, समोर भिंग, आणि हातभर लांबीच्या पट्टीवर ओळीनं लावलेले बारके पेचकस. गिऱ्हाइकं आता दुकानदाराला ओलांडून "ताई आहेत का?" असं विचारायला लागली होती. घरी येऊन ती हे रोज सांगायची. नंबरकाका मान न वर करता ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तेच जसंच्या तसं ऐकवायचे.

एका नातेवाइकाचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलं आणि मी बंद पडलो. नंबरकाका दाढी करायला बाहेर गेले होते. त्यांना मला घालून मिरवायचं होतं, हे सगळ्या घराला पंधरा दिवस ऐकून पाठ झालं होतं. धाकटीनं मला कपाटातून काढलं, टेबलावर रुमाल पसरला आणि तिच्या अवजारानं माझी पाठ उघडायला घेतली. झाकण घट्ट होतं. अवजार सटकलं आणि शेवटच्या चारच्या खाली एक बारीक ओरखडा उठला.

मग झाकण निघालं आणि तिनं माझ्या आत बघितलं.

मित्रांनो, कुणी आपल्या आत बघावं, असं प्रत्येकाला वाटतं म्हणे. मला तरी कधी वाटलं नाही. आत होतं पत्र्याचं एक स्वस्त यंत्र आणि ते खुळखुळू नये म्हणून भोवती बसवलेलं प्लॅस्टिकचं कडं. कंपनीची खूण नाही, काही नाही. धाकटी बराच वेळ भिंगातून बघत राहिली. तिला सगळं कळलं. मालकानं काय दिलंय ते कळलं, आणि हे बाबांना सांगितलं तर काय होईल तेही.

"काय गं, बिघडलंय का?" काकूंनी आतून विचारलं.

"नाही. धूळ गेली होती."

तिनं मला तेलाचा थेंब दिला, एक सैल पेच आवळला, पाठ लावली आणि होतो तिथे ठेवून दिलं. नंबरकाका मला घालून लग्नाला गेले. तिथे त्यांनी मला निदान तीस जणांना दाखवलं. धाकटी शेजारी उभी राहून हसत होती. खोटं मी होतोच, पण त्या दिवशी तिनंही माझ्यासाठी खोटं उचललं. मला दोन काटे आहेत, तोंड नाही. नाहीतर मी तेव्हाच ओरडलो असतो, की पोरी, सांगून टाक, आज सांगितलंस तर त्यांना एकदाच दुखेल.

आठ महिन्यांनी मी पुन्हा बंद पडलो. या वेळी धाकटी दुकानात होती. नंबरकाका मला घेऊन थेट जुन्या बाजारातल्या घड्याळजींकडे गेले. घड्याळजी म्हातारे, डोळ्याला भिंग, बोलणं तुटक. त्यांनी मला उघडलं आणि लगेच बंद केलं.

"काका, हे कुठून घेतलंत?"

"घेतलं नाही, मिळालं. मानाची भेट आहे."

"मग मान ठेवा, घड्याळ सोडा. आतलं यंत्र फालतू आहे."

"असं कसं? नंबर बघा ना." त्यांनी डायरी काढली, उलटा वाचला, सुलटा वाचला. जुळला.

घड्याळजींनी खांदे उडवले. "नंबराचं मला सांगू नका. आणि हे आधी कुणीतरी उघडलंय. हा ओरखडा बघा. घड्याळाच्या हत्याराचा नाही हा, मोबाइलच्या पेचकसाचा आहे."

घड्याळजींनी चुकीचं एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. पण नंबरकाकांच्या डोक्यात त्या वीस मोटारी उभ्या राहिल्या. नंबर बरोबर, म्हणजे कवच खरं. आतलं यंत्र फालतू, म्हणजे ते बदललेलं. बदललं कुणी? ज्याच्याकडे पेचकस आहे त्यानं. एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस हिशोब चुकला नव्हता. त्यानं फक्त पहिलीच गोष्ट तपासली नव्हती, देणाऱ्याचा हात.

घरी येऊन त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. धाकटी आली, तिनं मला बघितलं, आणि तिची नजर खाली गेली. तिथेच सगळं बिनसलं. नजर खाली जायची कारणं हजार असतात, पण संशय घेणाऱ्याला एकच दिसतं.

"तू उघडलं होतंस?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"लग्नाच्या आदल्या दिवशी बंद पडलं होतं, बाबा. तुमची घाई चालली होती."

"आणि आतलं यंत्र?"

"तेच आहे. होतं तेच."

"मला शिकवू नकोस. हलक्या प्रतीचं आहे ते."

धाकटीनं आईकडे बघितलं, मग खुर्चीवर बसली. "आधीपासूनच हलकं आहे. आत चोरण्यासारखं काही नव्हतंच, बाबा. तुम्हाला नकली घड्याळ दिलंय त्यांनी."

"कुणी? मालकांनी?"

"हो."

"नंबर जुळतोय."

"नंबर काय, कुणीही कोरतं."

"एकतीस वर्षांत त्या माणसानं मला एक खोटी पावती दिली नाही," नंबरकाका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी स्टोअरच्या खिडकीतून यावा तसा कोरडा होता. "बोल, कुठे विकलंस?"

"अहो," काकू म्हणाल्या, "मुलगी आहे ती. मोटार नाही."

पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, मला खिशात घालून, ते तिच्या दुकानात गेले. मित्रांनो, इथून पुढचं सांगताना मला आजही अडखळायला होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. नंबरकाका टेबलामागे गेले, तिचा खण ओढला, आणि त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून मांडायला सुरुवात केली. बॅटऱ्या, काचा, पेचांच्या डब्या. स्टोअरची तपासणी करावी तशी. धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

"काय शोधताय काका?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्या घड्याळातलं यंत्र."

चारही गिऱ्हाइकांनी आपापल्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. एकानं तर दुरुस्तीला दिलेला हळूच परत उचलला.

खणात काही सापडलं नाही. खरं तर त्यांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं, विकून टाकलं असणार.

ते गेल्यावर दुकानदार धाकटीला म्हणाला, असं नंतर काकू थोरलीला फोनवर सांगत होत्या, "तू चोर आहेस असं मी म्हणत नाही. पण ऐकणाऱ्यांनी ऐकलंय. उद्यापासून टेबल रिकामं कर." इतक्या कष्टानं मिळवलेलं टेबल अर्ध्या तासात गेलं. त्याच दुपारी तिनं घरून कपड्यांची पिशवी आणि पेचकसांची पट्टी उचलली आणि ती मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. जाताना तिनं कपाटाकडे बघितलं नाही. तिनं बघावं अशी माझी फार इच्छा होती. नकलीला असल्या इच्छा शोभत नाहीत.

त्यानंतर वर्षभर मी एका रुमालात गुंडाळलेला, अंधारात. काकू दर रविवारी धाकटीला भेटायला जायच्या. परत आल्या की नंबरकाका विचारायचे नाहीत आणि काकू सांगायच्या नाहीत. त्या दोघांमध्ये मी बंद होतो तसं सगळंच बंद होतं.

एके दिवशी रुमाल सुटला. नंबरकाकांनी धुतलेला शर्ट घातला होता. मला खिशात टाकून ते कारखान्यात निघाले होते. कशासाठी, माहीत आहे? मालकाची माफी मागायला. "तुमची भेट मला सांभाळता आली नाही, घरातच चोरी झाली," हे सांगायला. वर्षभर हे त्यांच्या मनाला कुरतडत होतं. मुलगी गेली ते नाही, भेट सांभाळली नाही ते. निदान तसं ते स्वतःला सांगत होते.

मालकाच्या खोलीबाहेर बाकावर दोन ओळखीची माणसं कसल्याशा कागदांवर सह्या करायला आली होती. एक क्रेनवाला, फाटक्या तोंडाचा पण मनाचा चांगला, आणि दुसरी रंगखात्यातली मावशी.

"काय रे नंबऱ्या, अजून जिवंत?" क्रेनवाला म्हणाला.

"तुझ्या आधी जात नाही," नंबरकाका म्हणाले आणि बसले. बसताना त्यांना क्रेनवाल्याच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. मी जणू आरशात बघत होतो. तेच सोनेरी काटे, तीच तबकडी.

सवयीचा माणूस तो. त्यांनी क्रेनवाल्याचा हात धरला, पट्टा सोडवला आणि घड्याळ पालथं केलं. ओठ हलले. चार, आठ, एक, नऊ, शून्य, तीन, सात. मग पुन्हा. मग खिशातून मला काढून शेजारी ठेवलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"माझं पण बघा की," मावशी म्हणाली. तिनं पिशवीतून हिरवी डबीच काढली. "मी मेलीनं अजून घातलंसुद्धा नाही. नातीच्या लग्नात द्यायचं म्हणून ठेवलंय."

तिसरं घड्याळ. तोच नंबर. बाकावर आम्ही तिघं भाऊ पालथे पडलो होतो आणि कुणाला कुणाची ओळख द्यायची हिंमत होत नव्हती.

क्रेनवाला कडवट हसला. "मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. घड्याळजीनं सांगितलं."

"मग मला का नाही बोललास?"

"कसा बोलणार? तू सगळ्यांसमोर 'जुळला' म्हणालास. तुझं तोंड बघितलं होतं का तू तेव्हा? लहान पोराला नवी सायकल मिळावी तसं झालं होतं. ते मोडायचं पाप कोण घेणार?"

नंबरकाकांनी मावशीच्या डबीचं झाकण लावलं. ते दोनदा लावावं लागलं. मावशीला मात्र अजून नीट उमगलं नव्हतं. "म्हणजे नातीला देऊ नको का?" ती विचारत होती.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. ज्यासाठी आले होते, ती माफी खिशात तशीच राहिली. नंबरकाकांनी मला मालकाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाहेर अशीच आणखी दोन घड्याळं आहेत. तिन्हींचा नंबर एक आहे."

मालक लाजेल, चिडेल, नाकबूल करेल, असं मला वाटलं होतं. तो हसला.

"अहो नंबरकाका, भेटीचा नंबर बघतात होय? भावना बघायची." आणि खण ओढत म्हणाला, "बंद पडलंय का? दोन-चार शिल्लक आहेत अजून. दुसरं देऊ?"

 नंबरकाकांनी मला उचललं आणि ते बाहेर आले.

तिथून ते घरी गेले नाहीत. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक छत्र्या दुरुस्त करणारा बसतो. त्याच्या दुकानाचा एक कोपरा धाकटीनं घेतला होता. डोक्यावर छत्र्यांच्या तारा लटकताहेत, खाली तिचा दिवा आणि भिंग. दोन गिऱ्हाइकं होती. नंबरकाका त्यांच्या मागे उभे राहिले, आपली पाळी येईपर्यंत.

पाळी आली. त्यांनी मला पुढे सरकवलं.

धाकटीनं आधी मला ओळखलं, मग वर बघितलं.

"तीन घड्याळं बघितली आज," नंबरकाका म्हणाले. "क्रेनवाल्याचं, रंगखात्यातल्या मावशींचं आणि हे. तिन्हींवर एकच नंबर आहे. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

"मग आता पटलं."

"पटलं, बाळा. पूर्ण पटलं. चल घरी. आई वाट बघतेय."

धाकटीनं हातातला पेचकस पट्टीत त्याच्या जागी खोचला. ती रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती, तर मला बरं वाटलं असतं.

"बाबा, तुम्ही अजूनही माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही," ती म्हणाली. "तिसऱ्या घड्याळावर ठेवलाय."

छत्रीवाल्यानं काहीतरी शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली. नंबरकाकांनी मला पालथं केलं, नंबरावरून अंगठा फिरवला.   शेवटी ते म्हणाले, "ते... दुरुस्त होईल का?"

"ठेवून जा," धाकटी म्हणाली. "बघते."

त्यांनी घड्याळाबद्दल विचारलं होतं का, मला माहीत नाही. तिनं कशाबद्दल उत्तर दिलं, तेही मला माहीत नाही. मला तिनं पेचांच्या डबीत ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मोबाइल घेतला. त्याला आता बरेच महिने झाले. ती घरी गेलेली नाही. नंबरकाका दर आठवड्याला येतात, छत्रीवाल्याच्या स्टुलावर दहा मिनिटं बसतात, "झालं का?" असं विचारतात. ती म्हणते, "अजून नाही." मग ते जातात. मला मात्र तिनं एकदाही उघडलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूनं शेवटी आपल्याला कसं जपावं ते सांगायचं असतं. पाणी लागू देऊ नका, उन्हात ठेवू नका, वेळेवर तेल द्या, वगैरे. मला नका जपू. माझी ती लायकी नाही, आणि मला टाकून दिलंत तर जगाचं काही बिघडणार नाही. पण तुमच्या घरात कधी काही हरवलं, काही बिघडलं आणि तुमची नजर घरातल्याच कुणावर गेली, तर एवढं करा. त्याला विचारा, तो काय म्हणतो ते ऐका, आणि तिथेच थांबा. खण उघडू नका. पुराव्याची वाट बघू नका. पुरावा येतो, मित्रांनो, बहुतेक वेळा येतोच. पण तो आला, की नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची संधी कायमची गेलेली असते.